रात्रीचा अहवाल ‘नॉर्मल’ आणि दिवसाची झोप

दिवसा बसल्या जागी डुलकी लागणाऱ्या माणसाची एका रात्रीची तपासणी ‘नॉर्मल’ आली की त्याला आजार नाही, तो आळशीच आहे, असा निवाडा घरात आणि कामावर लगेच दिला जातो, आणि वारंवार कानी पडणारा हा निवाडा साफ चुकीचा आहे. घरी नेण्याच्या छोट्या यंत्रात बहुधा श्वास, नाडी आणि रक्तातील ऑक्सिजन एवढेच नोंदले जाते. त्यातून झोपेत श्वास अडण्याचा विकार, म्हणजे स्लीप ॲप्निया, सापडतो, पण मेंदूच्या लहरी न टिपणारे यंत्र नार्कोलेप्सीविषयी, म्हणजे झोप आणि जाग यांवरचे मेंदूचे नियंत्रण ढळण्याच्या विकाराविषयी, काय सांगणार?

त्यासाठी रात्रभर डोक्याला इलेक्ट्रोड लावून झोप तपासल्यावर, दुसऱ्या दिवशी मल्टिपल स्लीप लेटन्सी टेस्ट करावी लागते. तीत दर दोन तासांनी, अशी चार-पाच वेळा, रुग्णाला अंधाऱ्या खोलीत पडायला सांगतात, २० मिनिटे वाट पाहतात आणि मधल्या वेळेत त्याला झोपू देत नाहीत, चहा-कॉफीही देत नाहीत. झोप सरासरी ८ मिनिटांत किंवा त्याआधी लागली आणि रात्रीची नोंद धरून किमान दोनदा, डोळा लागल्यापासून १५ मिनिटांच्या आत, एरवी तासा-दीड तासाने येणारी स्वप्नांची झोप सुरू झाली, तर नार्कोलेप्सीचा निकष पूर्ण होतो.

मात्र जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील स्टील कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या कामगाराचा अहवाल, त्याला हा विकार नसतानाही, नेमका असाच येऊ शकतो. म्हणूनच आधीचा एक-दोन आठवड्यांचा झोपेचा तक्ता पाहिल्याशिवाय आणि आदल्या रात्री किमान सहा तास झोप झाल्याशिवाय या चाचणीवर विसंबू नये. नैराश्यावरील काही औषधे स्वप्नांची झोप दाबतात. ती चाचणीपूर्वी कधी थांबवायची हे डॉक्टरांनीच ठरवावे.

नार्कोलेप्सीत हसता हसता गुडघ्यातून बळ जाणे ही फीट नव्हे, कारण त्या वेळी रुग्ण शुद्धीवर असतो. जाग येऊनही अंग न हलणे ही बाहेरची बाधा नसून स्वप्नांच्या झोपेतली स्नायूंची शिथिलता जागेपणी रेंगाळलेली असते, आणि ती निरोगी माणसाच्याही अनुभवास येते. इच्छाशक्तीचा तर येथे संबंधच नाही: मेंदूला जागे ठेवणारे ओरेक्सिन हे रसायन १९९८ मध्ये सापडले आणि हसताना बळ जाणाऱ्या रुग्णांत ते जवळजवळ नसते हे २००० मध्ये दिसून आले.

औषधे आणि ठरवून घेतलेल्या छोट्या झोपा यांनी हा विकार बराच आटोक्यात राहतो. तो आटोक्यात येईपर्यंत जालना-बदनापूरमधून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर अशा रुग्णाने स्टिअरिंग हाती घेऊ नये.