पूल बांधावा आणि मोडूनही पाहावा

ठाणे-बेलापूर पट्टीतील रबाळे एका बाजूस पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूस ठाण्याची खाडी यांच्यामध्ये वसलेले आहे. औद्योगिक वसाहतीमुळे येथील मुलांना यंत्रे परिचयाची आहेत आणि खाडीमुळे पूलही. १८५४ साली लोहमार्ग ठाण्याहून कल्याणला पोहोचला, तो खाडी ओलांडूनच. पुढे १९७३ मध्ये वाशीचा पहिला पूल, १९९७ मध्ये दुसरा आणि १९९९ मध्ये ऐरोलीचा पूल वाहतुकीस खुला झाला. सार्वजनिक बांधकामांसाठी माणसे तयार करणारा वर्ग पुण्यात सुरू झाला तोही १८५४ सालीच. आजचे पुण्याचे अभियांत्रिकी विद्यापीठ हा त्याचाच विस्तार होय.

अशा परिसरातील विद्यार्थ्यांना संकल्पनशास्त्राचा पहिला धडा पुलावरूनच देता येईल. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. आइस्क्रीमच्या काड्या, लाकडाचा गोंद, तराजू, बादली आणि वाळू एवढे साहित्य पुरेसे आहे. अर्ध्या मीटर अंतरावर दोन मेजे ठेवून त्यांवर काड्यांचा पूल टेकवावा, मध्यभागी बादली टांगावी आणि पूल मोडेपर्यंत तीत थोडी थोडी वाळू ओतावी. पुलाने पेललेल्या भारास पुलाच्या स्वतःच्या वजनाने भागले असता येणारा आकडा म्हणजे त्याचे गुण. त्यामुळे काड्यांचा ढीग रचणाऱ्यापेक्षा योग्य जागी काडी लावणारा विद्यार्थी पुढे जातो.

काडी काय शिकविते?

चार काड्यांचा चौकोन कोपऱ्याशी ढकलताच कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र आपला आकार सोडीत नाही. लोखंडी पुलांच्या कैच्या त्रिकोणांनी भरलेल्या असतात, त्या याच कारणाने. दहा मिलिमीटर रुंद व दोन मिलिमीटर जाड काडी आडवी ठेवण्याऐवजी कडेवर उभी ठेवली, तर वाकण्यास ती पंचवीसपट अधिक विरोध करते. ताणाखालील काडी सहसा सांध्याशी सुटते. उलट, दाबाखालील लांब काडी चिरडण्यापूर्वीच बाजूस बाक घेऊन दगा देते. तिला मध्यभागी आडवा आधार देऊन मोकळी लांबी निम्मी केली, तर ती सुमारे चौपट दाब सोसू शकते.

या उपक्रमाचा गाभा मात्र स्पर्धेत नाही. वाळू ओतण्यापूर्वी प्रत्येक गटाने आपला पूल किती भारास, कोठे आणि कोणत्या कारणाने मोडेल हे वहीत लिहून ठेवावे. मोडल्यानंतर तुकडे गोळा करून अंदाज व प्रत्यक्ष यांतील तफावत शोधावी आणि दुसरा पूल बांधावा. पहिल्या व दुसऱ्या पुलांमध्ये जे घडते, तेच संकल्पनाचे शिक्षण होय.

प्रतिकृतीच्या मर्यादा

लहान पुलाच्या यशाने हुरळून जाऊ नये, हेही शिक्षकांनी सांगावयास हवे. प्रत्येक माप दहापट केले तर भार घेणाऱ्या अवयवांचे छेदक्षेत्र शंभरपट होते, परंतु वजन हजारपट वाढते. म्हणूनच मोठ्या पुलास स्वतःचाच भार जड जातो. कॅनडातील क्वेबेक येथील पुलाचा गाळा वाढविण्यात आला, पण वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळीच पुन्हा केला गेला नाही. २९ ऑगस्ट १९०७ रोजी, बांधकाम चालू असतानाच, दाबाखालील अवयवांनी बाक घेतला आणि पूल कोसळून ७५ कामगार मृत्युमुखी पडले.

काळाचा आणि पाण्याचा मारा बादलीतील वाळू दाखवू शकत नाही. वाशीच्या पहिल्या पुलातील ताणलेल्या पोलादी तारांना खाडीच्या खाऱ्या हवेत गंज चढला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात ब्रिटिश काळातील दगडी पूल पडला आणि दोन एस. टी. गाड्यांसह त्यावरील माणसे वाहून गेली. पूल बांधण्याइतकेच त्याची नियमित तपासणी करणे हेही अभियंत्याचे कर्तव्य आहे, ही जाणीव वर्गातच रुजली पाहिजे.

वर्गात मोडलेल्या पुलाची किंमत मूठभर काड्या एवढीच असते. तो का मोडला हे विचारण्याची सवय लागलेला विद्यार्थी उद्या खऱ्या पुलाच्या आराखड्यावर स्वाक्षरी करताना क्षणभर थांबून हिशेब पुन्हा तपासील. आपल्या शाळांनी व तंत्रनिकेतनांनी हा अल्पखर्चाचा उपक्रम अवश्य हाती घ्यावा.