आरोग्य अभ्यासक्रम : प्रमाणपत्रापेक्षा नोंदणी महत्त्वाची

बारावीचा निकाल लागला की उचगाव, गांधीनगर आणि कोल्हापूर शहरातील अनेक घरांत एकच विषय असतो. एमबीबीएसला प्रवेश मिळणे कठीण. पण रुग्णसेवेच्या क्षेत्रातच जायचे, तर कोणता अभ्यासक्रम निवडावा? अशा वेळी काही महिन्यांत 'नर्सिंग' किंवा 'लॅब टेक्निशियन' करण्याची जाहिरात आकर्षक वाटते. शुल्क भरण्यापूर्वी तिची पारख करणे आवश्यक आहे.

स्थानिक गरजेनुसार, कमी खर्चात रोजगारक्षम शिक्षण देणारे 'कम्युनिटी कॉलेज' ही संकल्पना मूळची अमेरिकेतील. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये असे पहिले सार्वजनिक महाविद्यालय सुरू झाले. तेथे कम्युनिटी कॉलेजातून परिचर्येची असोसिएट पदवी घेणाऱ्यास चार वर्षांच्या पदवीधराप्रमाणेच परवाना परीक्षा देता येते. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. मात्र आपल्याकडे अशा महाविद्यालयाचे कौशल्य प्रमाणपत्र म्हणजे परिचारिकेचा परवाना नव्हे.

'जनरल ड्यूटी असिस्टंट'चा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम रुग्णाला आंघोळ घालणे, भरविणे, हलविणे अशी कामे शिकवितो. हे काम मोलाचे आणि रोजगार देणारे आहे. परंतु त्यातून कोणी परिचारिका होत नाही. त्यासाठी दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. जीएनएमला कला व वाणिज्य शाखेचे विद्यार्थीही पात्र ठरतात; बीएस्सी नर्सिंगला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय लागतात.

प्रयोगशाळा, क्ष-किरण, भौतिकोपचार आदी व्यवसायांसाठी संसदेने २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार सहायक आरोग्य व्यावसायिकाचे शिक्षण दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे असावे लागते. 'हेल्थकेअर प्रोफेशनल' या वरच्या श्रेणीसाठी किमान ३,६०० तासांची पदवी लागते. सहा महिन्यांचा वर्ग या मोजमापात बसत नाही, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही. तसेच या कायद्याखालील विषय दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने शिकविण्यास अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली आहे.

त्यामुळे प्रवेशापूर्वी संस्थाचालकांना चार प्रश्न विचारावेत. परीक्षा कोण घेते? प्रात्यक्षिके कोणत्या रुग्णालयात, किती तास होतात? उत्तीर्ण झाल्यावर कोणत्या परिषदेकडे नोंदणी होते? पुढील पदवीसाठी हे शिक्षण ग्राह्य धरले जाते काय? उत्तरे लेखी मागावीत आणि संबंधित परिषदेकडून पडताळून घ्यावीत. शुल्क किती, हा प्रश्न त्यानंतरचा. नोंदणी न देणारा अभ्यासक्रम स्वस्त असला, तरी त्यात गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.