गोदामांतील हवा

घर बांधावयाचें झालें म्हणजे मनुष्य प्रथम वारा कोठून येईल आणि उजेड कोठें पडेल याची चौकशी करतो. गोदाम बांधतांना मात्र माल किती मावेल, एवढाच हिशेब होतो. वास्तविक त्या चार भिंतींच्या आंत माणसेंहि दिवसभर राबत असतात. ‘हरित इमारत’ या नांवाखालीं जे दंडक रूढ झाले आहेत, त्यांत वीज व पाणी यांच्या काटकसरीबरोबर इमारतीच्या आंतील हवा, उष्णता व उजेड यांचाहि विचार असतो. हे दंडक गोदामास कसे लागू करावे, हा प्रश्न नवी मुंबईच्या अगदीं दारांतला आहे.

१९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन हें शहर वसूं लागलें. १९८९ सालीं न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झालें. मुंबईचे घाऊक बाजारहि क्रमाक्रमानें वाशी-तुर्भे येथें आले. कांदा-बटाटा, फळें, भाजीपाला, मसाला व धान्य असे पांच बाजार तेथें भरतात. बंदर आणि बाजार यांच्या मागोमाग उरण-पनवेलपर्यंत गोदामें उभीं राहिलीं. माल चढविणाऱ्या-उतरविणाऱ्या माथाडी कामगारांच्या मजुरीस १९६९ च्या कायद्याचा आधार मिळाला. ते ज्या हवेंत श्वास घेतात, तिचा विचार आतां व्हावयास हवा.

कचेरींतील हवेची परीक्षा करतांना बहुधा कार्बन डायऑक्साइड मोजतात. उच्छ्वासानें तो वाढला, म्हणजे बाहेरची हवा पुरेशी येत नाहीं असें समजतात. हीच कसोटी गोदामास लावून पाहावी. १०० मीटर लांब, ५० मीटर रुंद व १२ मीटर उंच अशा गोदामांत ६०,००० घनमीटर हवा मावते. तेथें ४० माणसें कष्टाचें काम करीत आहेत आणि प्रत्येकजण तासाला सुमारें ५० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, असें धरलें, तर एकंदर दोन घनमीटर होतो. सर्व दारें बंद असलीं तरी तासाभरांत दहा लाख भागांमागें अवघे ३३ भाग वाढतात. यंत्राचा कांटा जेमतेम हलतो आणि हवा उत्तम ठरते! तापलेल्या पत्र्याखालीं मिरचीचें पोतें वाहणाऱ्या हमालाचा अनुभव मात्र निराळा असतो. यंत्र खरेंच बोलतें. त्यास प्रश्न चुकीचा विचारलेला असतो.

म्हणून गोदामासाठीं नियमांत फरक करावा लागतो. अमेरिकेंतील ‘लीड’ पद्धतीच्या २०१३ च्या चौथ्या आवृत्तीनें तो केला. गोदामांतील कचेरीस कचेरीचेच नियम ठेवले. साठवणीच्या भागांत जेथें माणसें नियमित काम करतात तेथें पंखे, रात्रीच्या थंड हवेचा उपयोग, उष्ण हवा बाहेर सोडण्याची सोय किंवा माणसापुरता थंडावा, अशांपैकीं एखादी योजना मान्य केली. भारतांत २००१ सालीं स्थापन झालेल्या इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलनेंहि गोदामांसाठीं वेगळें मूल्यमापन ठेवलें आहे. सगळी पोकळी थंड करण्याचा खर्च यामुळें टळतो.

कोंकणपट्टीच्या दमट हवेंत घाम लवकर वाळत नाहीं. अंगावरून वारा वाहिला तरच गारवा लागतो. उष्ण हवा वर चढते. तेव्हां छपराच्या आढ्याशीं तिला वाट द्यावी, खालीं भिंतींत हवा येण्यास झडपा ठेवाव्या, आणि पावसाची झड आंत येऊं नये अशी त्यांची मांडणी असावी. पत्र्यास पांढरा लेप दिल्यास ऊन परततें. उजेडाचे पारदर्शक पत्रे मालाच्या थप्पीवर न बसवितां थप्प्यांमधील वाटांवर बसवावे. डिझेलच्या गाड्या आंत चालवूं नयेत. धान्यास किडीचा विषारी धूर दिल्यावर गोदाम मोकळें करून, हवा तपासूनच माणसें आंत सोडावीं.

सर्वांत कठीण जागा म्हणजे दाराशीं लागलेला, उन्हांत तापलेला लोखंडी कंटेनर. आढ्याचा झरोका तेथवर पोंचत नाहीं; तेथें हलता पंखाच हवा. म्हणून मोजमाप गोदामाच्या मध्यावर घेऊन भागत नाहीं. मे महिन्यांत, दुपारीं तीन वाजतां, हमाल जेथें वांकून ओझें उचलतो तेथें तें घ्यावें. घराघरांत येणारी धान्याची पिशवी त्याच हातांतून पुढें आलेली असते.