अनसबस्क्राइबचं बटण दाबलं कोणी?

कोरमंगला, एचएसआर लेआउट भागातल्या अनेक सॉफ्टवेअर कंपन्यांचे ग्राहक अमेरिकेत आहेत. त्यामुळे त्यांचे मार्केटिंगचे मेल बेंगळुरूच्या संध्याकाळी सुटतात. उन्हाळ्यात इथे साडेसहा वाजले की न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ झालेले असतात. एरवी एका मेलमागे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं यादीतून बाहेर पडतात. एखाद्या संध्याकाळी मात्र पाच मिनिटांत नावं शेकड्यांनी गळतात, आणि पहिला संशय मजकुरावर जातो. विषयाची ओळ चुकली, भाषा उथळ झाली, लोक वैतागले, असं ठरवून मजकूर लिहिणाऱ्याला धारेवर धरलं जातं.

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. कुणी मेल चहाच्या वेळी उघडतं, कुणी रात्री, कुणी दोन दिवसांनी. खरी नाराजीही तशीच पसरत जाते. सगळ्यांनी एकाच मिनिटाला वैतागावं असं सहसा होत नाही. आलेखात असा सुळका दिसला, तर बटण माणसाने दाबलं की यंत्राने, हे आधी बघायला हवं.

मोठ्या कंपन्या, बँका, विद्यापीठं आपल्या मेलच्या वाटेवर सुरक्षेचं सॉफ्टवेअर बसवतात. प्रूफपॉइंट, माइमकास्ट, बॅराकुडा, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ही त्यातली ठळक नावं. फसवी लिंक कर्मचाऱ्याच्या हाती पडू नये म्हणून अशा यंत्रणा मेलमधल्या लिंक स्वतःच उघडून तपासू शकतात. मेलच्या तळाशी असलेली अनसबस्क्राइबची लिंकही त्यातच येते. ती उघडताक्षणी नाव काढून टाकणारी असेल, तर माणसाने मेल पाहण्याआधीच त्याचं नाव यादीतून गेलेलं असतं.

लॉगमध्ये हे सहज ओळखू येतं. सहा तीस आणि चार सेकंदांनी मेल पोहोचतो. सहाव्या सेकंदाला किमतीच्या पानावर क्लिक, त्याच सेकंदाला लिंक्डइनच्या चिन्हावर, गोपनीयता धोरणावर आणि अनसबस्क्राइबवर. दोन सेकंदांत माणूस चार पानं उघडत नाही, आणि गोपनीयता धोरण तर मुद्दाम कुणी फारसं उघडतच नाही. मग पत्ते डोमेनप्रमाणे लावून पाहावेत. गळालेली बरीचशी नावं दोन-तीन कंपन्यांचीच निघाली आणि क्लिक डेटा सेंटरच्या आयपीवरून आलेले असले, तर मजकुराला दोष देण्यात अर्थ नाही. ‘त्यांनी मेल उघडलाच नव्हता’ हा पुरावा मात्र आता धरू नये. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ आल्यापासून ॲपलचं मेल ॲप गोपनीयतेची सोय चालू असलेल्यांसाठी मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेतं, त्यामुळे चित्र उतरलं की होणाऱ्या ‘उघडला’ या नोंदीचा भरवसा उरलेला नाही.

दुसरा गैरसमज प्रोग्रॅमरांचा, आणि मला तोच मुळाशी वाटतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना नियम घातले. जीमेलच्या लेखी दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणारा तो मोठा. एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब ही त्यातलीच एक अट. तिचा अर्थ अनेकांनी असा घेतला, की तळाची लिंक उघडली की नाव गेलंच पाहिजे. प्रत्यक्षात ती अट मेलच्या हेडरमधल्या सोयीबद्दल आहे. २०१७ च्या आरएफसी ८०५८ या मानकाने ही सोय ठरवून दिली, ती नेमक्या याच अडचणीसाठी. नुसती लिंक उघडली, म्हणजे गेट विनंती आली, तर काही बदलायचं नाही. पोस्ट विनंती, म्हणजे बदल करण्याची मुद्दाम केलेली सूचना आली, तरच नाव काढायचं. तळाच्या लिंकने एक पान उघडावं आणि त्यावर एकच मोठं बटण असावं, हे नियमांत बसतं. लिंक उघडून पाहणारी यंत्रणा सहसा त्या पानापाशीच थांबते.

हा धडा जुना आहे. मे २००५ मध्ये गुगलने ब्राउझिंग वेगवान करणारं वेब ॲक्सिलरेटर आणलं. ते पानावरच्या लिंक आगाऊ उघडून ठेवायचं. काही वेब ॲप्समध्ये ‘डिलीट’ ही साधी लिंक होती, तीही त्याने उघडली आणि लोकांच्या नोंदी पुसल्या गेल्या. वीस वर्षांनंतरही तीच चूक होते याचं मला वाईट वाटतं, कारण ती दुरुस्त करायला फार काम लागत नाही.

प्रत्येक गळतीमागे यंत्रच असतं, असं समजणंही चूकच. जुलै २०२५ पासून जीमेलने सगळी सबस्क्रिप्शन एका पानावर दाखवायला सुरुवात केली. तिथे बसून माणसं खरोखर साफसफाई करतात. वर्षभर गप्प बसून अचानक मेल पाठवला किंवा यादीच विकत आणलेली असली, तरी लोक जातात. कधी मेल एचआरच्या सामायिक पत्त्यावर जातो, एकजण बाहेर पडतो आणि सगळ्या विभागाला मेल बंद होतो. कधी मेल पुढे पाठवला जातो, आणि ज्याच्या हाती तो पडतो त्याने अनसबस्क्राइब केलं की नाव मूळ माणसाचं जातं.

गळती थांबवायला लिंक फिकट रंगात लपवणं हा तर आत्मघात आहे. बाहेरची वाट सापडली नाही की माणूस ‘स्पॅम’वर बोट ठेवतो. जीमेल तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगतं. हजार मेलमागे तीन तक्रारी म्हणजे धोक्याची रेषा गाठली, आणि मग आपले मेल हवे असलेल्यांच्याही इनबॉक्सपर्यंत ते पोहोचेनासे होतात.

‘ट्रायच्या डीएनडीत नंबर नाही, मग मेल पाठवायला काय हरकत?’ असंही विचारलं जातं. दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८ चे नियम फोन आणि एसएमएसपुरते आहेत. त्यांचा ईमेलशी संबंध नाही. ईमेलला लागू पडणारा कायदा वेगळा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं असलं पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे.

म्हणून यंत्राचा दोष सापडला तरी सगळी नावं सरसकट यादीत परत टाकू नयेत. सेकंदाभरात सगळ्या लिंक उघडल्याची खूण ज्यांच्या नोंदीत स्पष्ट आहे, तेवढ्यांचाच विचार करावा, आणि त्यांनाही ओळखीच्या माणसाने स्वतःच्या पत्त्यावरून विचारावं. जिथे शंका आहे, तिथे तो माणूस स्वतःहून गेला असंच धरावं.