क्लोरीन सोडवणारे जिवाणू

एक टन लिंडेन हाती यायचं, तर साधारण आठ ते दहा टन कचरा पदरात पडतो. बेंझिनवर प्रकाशात क्लोरीनची क्रिया घडवली, की हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन, म्हणजे एचसीएच, तयार होतं. त्यात एकाच रेणूची अनेक रूपं मिसळलेली असतात. कीड मारतं ते त्यातलं गॅमा रूप, आणि तेच लिंडेन. मिश्रणात ते जेमतेम दहा-पंधरा टक्के असतं. अल्फा, बीटा, डेल्टा ही उरलेली रूपं कीटकनाशक म्हणून कुचकामी, पण विषारी आणि चिवट. मायकेल फॅरडेनं १८२५ मध्ये हे रसायन प्रथम बनवलं, १९४०च्या दशकात ते शेतात उतरलं. आपल्याकडचे जुने शेतकरी त्याला बीएचसी पावडर किंवा गॅमेक्सीन म्हणून ओळखतात.

भारतात मिश्र एचसीएचवर १९९७ मध्ये बंदी आली. २००९ मध्ये चिवट सेंद्रिय प्रदूषकांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत अल्फा, बीटा आणि लिंडेन तिन्ही दाखल झाले. बंदीनं उत्पादन थांबलं, पुरलेला कचरा मात्र जागच्या जागी राहिला. लखनौजवळच्या उम्मरी गावातल्या अशाच एका ठिकाणच्या मातीत दर ग्रॅममागे ४५० मिलिग्रॅमपर्यंत एचसीएच आढळलं. म्हणजे जवळजवळ निम्मी माती विषाचीच.

मातीनं शोधलेला उपाय

याच मातीत संशोधकांना एचसीएचवर जगणारे जिवाणू विपुल सापडले. जपानमध्ये वर्षानुवर्षं लिंडेन मारलेल्या शेतातून ‘स्फिंगोबियम जॅपोनिकम यूटी२६’ हा वाण मिळाला, तर भारतात पिकाच्या मुळांलगतच्या मातीतून ‘स्फिंगोबियम इंडिकम बी९०ए’. दिल्ली विद्यापीठात रूप लाल यांच्या गटानं या भारतीय वाणाचा कसून अभ्यास केला.

या जिवाणूंची मुख्य हत्यारं दोन. ‘लिनए’ हे विकर रेणूतून हायड्रोजन आणि क्लोरीनची जोडी काढून टाकतं. त्यासाठी शेजारच्या दोन कार्बनवरचे हे अणू एकमेकांच्या विरुद्ध दिशांना, एक वर आणि एक खाली, उभे असावे लागतात. बीटा रूपात सहाही क्लोरीन कड्याच्या बाहेरच्या बाजूला पसरलेले असतात, त्यामुळे लिनएला पकडच मिळत नाही. बीटा सगळ्यांत चिवट ठरतं ते यामुळे. तिथे ‘लिनबी’ कामी येतं. ते पाण्याच्या मदतीनं क्लोरीन काढून त्या जागी हायड्रॉक्सिल गट बसवतं. जपानी वाणाचं लिनबी बीटावर एक पायरी चालून थांबतं, भारतीय वाणाचं आणखी पुढे जातं. सुमारे तीनशे अमिनो आम्लांच्या या विकरांत फरक आहे तो जेमतेम सात-आठ जागांचा.

इतक्या थोड्या बदलानं एवढा फरक पडत असेल, तर हवा तसा बदल आपणच का करू नये?

आराखडा माणसाचा

हा प्रयत्न झाला तो १,२,३-ट्रायक्लोरोप्रोपेनवर. रसायन कारखान्यांतलं हे उपउत्पादन भूजलात उतरतं आणि टिकून राहतं. प्राणवायूच्या सान्निध्यात त्यावर पोसला जाणारा जिवाणू निसर्गात सापडला नव्हता. चेक संशोधक यिर्झी दाम्बोर्स्की आणि नेदरलँड्सचे डिक यान्सेन यांच्या गटांनी ‘ऱ्होडोकॉकस’ जिवाणूचं एक विकर निवडलं. त्याच्या गाभ्याकडे जाणारे बोगदे संगणकाच्या मदतीनं अरुंद केले. आत शिरणारं पाणी रोखल्यावर विकराची क्रियाशीलता ३२ पटींपर्यंत वाढली. पुढे आणखी दोन विकरं जोडून ही साखळी ई. कोलाय जिवाणूत बसवण्यात आली. शेवटी तयार होतं ते निरुपद्रवी ग्लिसरॉल.

शेतात उतरल्यावर

प्रयोगशाळेतलं यश मातीत टिकतंच असं नाही. बंगालमध्ये जन्मलेले आनंदमोहन चक्रवर्ती तेलभक्षक जिवाणूच्या पेटंटमुळे गाजले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ते मान्य केलं. त्यानंतर त्यांच्या गटानं व्हिएतनाम युद्धात फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’मधलं २,४,५-टी हे तणनाशक पचवणारा जिवाणू निवडपद्धतीनं घडवला. प्रयोगातल्या मातीतलं बहुतांश विष त्यानं फस्त केलं. विष संपलं, तशी त्याची संख्याही झपाट्यानं घटली. सुरक्षिततेच्या दृष्टीनं हे उत्तमच, पण प्रदूषण मुरत-झिरपत वर्षानुवर्षं येत राहणार असेल, तर जिवाणूही पुन्हा पुन्हा सोडावे लागणार. शिवाय मातीच्या कणांना घट्ट चिकटलेलं विष जिवाणूच्या तोंडी लागतच नाही.

कायद्याचा अडसर वेगळाच. प्रदूषण निवारणासाठी जनुक बदललेला जिवाणू खुल्या मातीत सोडण्याची अमेरिकेतली पहिली परवानगी टेनेसी विद्यापीठाच्या प्रयोगाला मिळाली, १९९६ मध्ये. तो जिवाणू नॅप्थलिन दिसलं की प्रकाश देई, म्हणजे काम चालू आहे की नाही हे कळे. भारतात १९८९च्या नियमांनुसार असा जीव वातावरणात सोडण्यापूर्वी केंद्रीय मंजुरी लागते, आणि ती लागायलाच हवी. एकदा पसरलेला जिवाणू परत बोलावता येत नाही.

म्हणून कामाची वाटणी करणं शहाणपणाचं. मातीसाठी तिथलेच किंवा तिच्यासारख्या मातीतून निवडलेले नैसर्गिक जिवाणू वापरावेत. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांच्या भुकटीवर बसवून बी९०ए मातीत सोडला, तेव्हा एचसीएच लक्षणीय घटलं. घडवलेली विकरं आणि जिवाणू बंदिस्त टाकीत ठेवावेत आणि दूषित भूजल उपसून त्यांच्याकडे न्यावं. त्यात गती कमी आणि खर्च जास्त असेल. पण बिघडलं तर झडप बंद करता येते, आणि खुल्या शेतात तशी सोय नसते.