आखडलेली मान आणि ऑस्टिओपॅथचे हात

रस्ता ओलांडताना बाजूला पाहायचे तर आपल्यातील अनेकांना मानेऐवजी सगळे अंगच वळवावे लागते. मानेत सात मणके असतात. मान डावी-उजवीकडे वळते, त्यातली जवळजवळ निम्मी हालचाल अगदी वरच्या दोन मणक्यांमध्ये होते. वयाबरोबर सांधे झिजतात आणि भोवतालचे स्नायू ताठ होतात. झीज हातांनी भरून येत नाही. पण स्नायू सैल झाले तर मान थोडी अधिक वळू शकते.

हातांनी उपचार करण्याची ऑस्टिओपॅथी ही पद्धत अमेरिकेत डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ साली मांडली. वयस्कर मानेसाठी तिच्यातले सौम्य प्रकार बरे.

पहिला प्रकार : आपण उताणे झोपायचे. ऑस्टिओपॅथ डोके तळहातांवर घेऊन मानेचे स्नायू हळूहळू दाबतो, ताणतो.

दुसरा : तो एकेक सांधा, दुखणार नाही इतपतच, पुन्हा पुन्हा हलवतो.

तिसरा : मान जिथे अडते तिथे तो आपला हात गालाला लावतो. आपण त्या हातावर साधारण पाच सेकंद हलकेच जोर द्यायचा, मग सैल सोडायचे. त्यानंतर मान किंचित पुढे वळते. असे तीन-चार वेळा करतात.

चौथा प्रकार झटक्याचा. भारतात केस कापल्यावर न्हावी मान कटकन मोडून द्यायचा, ते पुष्कळांना आठवत असेल. तो आवाज सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या बुडबुड्याचा. आवाज आला म्हणजे मान सुटली असे नव्हे. हाडे ठिसूळ असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, आमवात असेल किंवा पूर्वी पक्षाघात झाला असेल, तर असा झटका घेऊ नये. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला क्वचित इजा होते आणि पक्षाघात होऊ शकतो.

म्हणून आधी कुपात खोलीमच्या डॉक्टरांना विचारा. ऑस्टिओपॅथकडे जाताना गोळ्यांची यादी न्या आणि "झटका नको" असे स्पष्ट सांगा. हातात बधिरपणा किंवा चालताना तोल जाणे असे काही असेल, तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मानेला हात लावू देऊ नका. एकाएकी चक्कर आली, एकाचे दोन दिसू लागले किंवा बोलणे अडखळले, तर लगेच १०१ ला फोन करा.