समकक्ष परीक्षण : स्थानिक कारभाराला आरसा

आर्थिक वर्ष संपले की पंचायतीच्या वह्या लेखापरीक्षकापुढे येतात. पैसा नियमानुसार खर्च झाला किंवा नाही, पावत्या नोंदींशी जुळतात किंवा नाही, हे तो पाहतो. हे काम अगत्याचेच आहे. १९९३ साली अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींच्या लेखापरीक्षणासंबंधी कायदा करण्याचा अधिकार राज्य विधानमंडळांना दिला, तो याच हेतूने. तथापि, नळयोजनेचा हिशेब चोख असला तरी वरच्या वाड्यावर पाणी चढते काय, या प्रश्नाचे उत्तर पावतीत सापडत नाही. तेथे कारभार जाणणाऱ्या माणसाची डोळस नजर लागते. आणि ती बाहेरची असावी लागते, कारण सवयीमुळे आपले दोष आपणांस दिसेनासे होतात.

या दृष्टीने इंग्लंडमधील एक प्रथा उद्बोधक आहे. तेथील स्थानिक शासन संघटना ही परिषदांचीच संस्था असून २०११ पासून ती ‘समकक्ष परीक्षण’ घडवून आणते. परिषदेच्या निमंत्रणावरून अन्य परिषदांतील निर्वाचित सदस्य व वरिष्ठ अधिकारी यांचे छोटे पथक तेथे येते आणि काही दिवस मुक्काम करते. पदाधिकारी, विरोधी सदस्य, कर्मचारी व स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी यांच्याशी ते बोलते. स्थानिक गरजांची जाण, नेतृत्व, निर्णयपद्धती, आर्थिक नियोजन आणि सुधारणेची कुवत या पाच अंगांनी कारभार पारखला जातो. अखेरीस अहवाल प्रसिद्ध होतो, त्यावर परिषदेने कृतियोजना करावयाची असते आणि वर्षभराच्या आत तिची प्रगती पुन्हा पाहिली जाते. पथकाला शिक्षा करण्याचा अधिकार नाही. ज्याने स्वतः अंदाजपत्रक बसविले आहे, त्याचा सल्ला म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन.

परंतु आरसा दाखविणाऱ्याचे काम तेथेच संपते. नॉर्थॅम्प्टनशायर परगणा परिषदेचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. ही परिषद १८८९ साली स्थापन झाली होती. २०१७ मध्ये समकक्ष पथकाने तिच्या आर्थिक व्यवहाराची पाहणी केली आणि हाती वेळ थोडा उरला आहे, असा स्पष्ट इशारा दिला. त्याच वर्षी ५.३ कोटी पौंड खर्चाचे नवे मुख्यालय उघडले गेले. फेब्रुवारी २०१८ मध्ये वित्त अधिकाऱ्याला नव्या खर्चावर निर्बंध घालणारी वैधानिक सूचना काढावी लागली. वाचनालये बंद करण्याचे प्रस्ताव पुढे आले. सरकारने आयुक्त नेमले. आणि १ एप्रिल २०२१ रोजी ही परिषद विसर्जित होऊन तिच्या जागी दोन नव्या परिषदा आल्या. हिशेब चुकले पदाधिकाऱ्यांचे, झळ मात्र पोहोचली वाचनालयात येणाऱ्या सामान्य नागरिकाला. रोग ओळखला गेला होता. औषध वेळेवर घेतले गेले नाही.

आपल्याकडे या प्रथेतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. दोन शेजारी पंचायतींनी परस्परांच्या संमतीने एकमेकींची पाहणी करावी. एका गावचे सरपंच, एक पंचसदस्य, पंचायत सचिव आणि एखादे अनुभवी शिक्षक यांनी दुसऱ्या गावी दोन दिवस घालवावेत. कचऱ्याची व्यवस्था, पाणी, रस्त्यावरचे दिवे, अर्जांचा निपटारा एवढेच चार विषय घ्यावेत. कार्यालयात बसून विचारण्याऐवजी वाड्यावाड्यांतून फिरावे आणि सभेत सहसा न बोलणाऱ्या स्त्रियांचे म्हणणे आवर्जून ऐकावे. पुढच्या खेपेस दुसऱ्या गावाने यावे. यासाठी मोठा खर्च नको, हवा तो मनाचा मोकळेपणा. पाहुण्यांनी उणी काढण्याच्या हेतूने येऊ नये आणि यजमानांनी झाकापाक करू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अहवाल कपाटात जाता कामा नये. तो ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, प्रत्येक सूचनेपुढे जबाबदार व्यक्तीचे नाव व मुदत लिहिली जावी आणि पुढील ग्रामसभेत त्याच कागदावरून जाब विचारला जावा. घटनेने ग्रामसभेला स्थान दिले आहे, ते केवळ हात वर करण्यासाठी नव्हे. शेजाऱ्याने दाखविलेली चूक वेळीच दुरुस्त करणे यात पंचायतीला कसलाही कमीपणा नाही. तोच तिच्या जागरूक कारभाराचा पुरावा होय.